ओढ्याकाठचं गवत

डोंगरपाडा, मनोरच्या पुढे
ता. १ ऑक्टोबर २०२४

भाग्ये,

बाईंनी वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, खोडा. जिनं दीड वर्ष तोंड दाखवलं नाही तिला अनेक कशाला? एक लिहा. पुरला तर पुरला.

लिहिणाऱ्या वर्षाराणी बाई आहेत. आपल्या पाड्याच्या शाळेवर नव्या आल्या आहेत, लातूरकडच्या. तुझं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं, दोनदा. एकदा मी ऐकलं आणि एकदा शेजारणींना ऐकवलं, कारण त्या म्हणत होत्या, 'नात विसरली म्हातारीला.' मी बोलते ते बाई शाळेतल्या भाषेत करून लिहितात, तेवढं सांभाळून घे.

फोन का करत नाही, असं विचारलंस. आपल्याकडे रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढलं की. या वयात टाकीवर चढून तुझ्याशी बोलू की खाली पडू ते तूच सांग. आणि फोनवर मी बोलणार म्हणजे तिकडे ती बाई कान लावून बसणार. म्हणून हे पत्रही तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर धाडते आहे. घरी धाडलं असतं तर आधी तिच्या हातात पडलं असतं.

ती बाई म्हणजे कोण, ते तुला कळलंच. तुझी आजेसासू. सोजराबाई.

मागच्या बाजाराला धर्मेशच्या दुकानात मीठ घ्यायला गेले होते. त्यानं पेपर पुढे केला. म्हणाला, "आजे, ही तुमची भाग्यश्री ना?" मी पाहिलं, तूच. पांढरा कोट घालून उभी, डॉक्टरणीसारखी. पण हात मोकळे. बाटली त्या बाईच्या हातात. नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दात सगळे जागेवर. मी धर्मेशला म्हटलं, "खाली काय लिवलाय ते वाच." त्यानं वाचलं, 'आजीच्या ज्ञानातून पिकांच्या बुरशीवर सुगंधी तेल.'

"कुठल्या आजीच्या?" मी विचारलं.

"फोटोतल्या," तो म्हणाला.

मी तो पेपर मागून घेतला आणि त्यात सुकट बांधून घरी आणली. सुकट नेमकी त्या बाईच्या तोंडावर आली, त्याला मी काय करू.

आता मला सांग. नागलीच्या बियाण्यात निरगुडीचा पाला कोण घालायचं? कणगीला बुरशी येऊ नये म्हणून पाल्याचा एक थर, दाण्याचा एक थर, पुन्हा पाल्याचा थर, हे तुला कोणी दाखवलं? तुझे आईबाप वैतरणेला रेती काढायला जायचे तेव्हा तू चार चार महिने कोणाच्या कुशीत होतीस? कुशीला रोशा गवताच्या तेलाचा वास यायचा म्हणून नाक दाबून झोपायचीस. ते तेल मी गुडघ्याला चोळायचे आणि उरलेलं बोट भोपळ्याच्या रोगट पानांना पुसायचे. तू विचारायचीस, "आजी, भोपळ्याचे पन गुडघे दुखतात?" आता ती सगळी विद्या तुझ्या सासरच्या साताऱ्याकडून आली, असं पेपरात छापून आलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं म्हणतात. इथे तर ससा पाळला मी, आणि पारधीण फोटोत.

असू दे. तू काय विचारलंस त्यावर येते.

तुझं सगळं मला समजलं असं नाही, पण बाईंनी उलगडून सांगितलं. तुम्ही बोईसरजवळ पाम गावात घरामागे एक भट्टी लावली आहे. पिंपात पाणी, वर गवत, खाली जाळ. वाफ नळीतून थंड पाण्यात येते आणि पाण्यावर तेल तरंगतं. गवती चहाचं तेल काढून पाहिलंत, पण काकडीच्या पानांवरची पांढरी भुरी त्यानं बेताचीच जाते. तुमच्या शेतीखात्यातल्या सरांनी सांगितलं, रोशा गवताचं तेल अजून चांगलं चालेल. तुमच्या महिला गटातल्या नऊ बायका यंदा काकडीच्या वेलांवर दुसरं औषध मारणार नाहीत, तुझंच तेल मारणार. ते चाललं तर भट्टी तुमच्या अंगणात राहील आणि तू कंपनीतली आठ तासांची उभी नोकरी सोडून हेच करशील. नाही चाललं तर महिन्या-दोन महिन्यांत ती देणारे संस्थेवाले येऊन भट्टी उचलून नेतील. बरोबर ना? बाई म्हणतात बरोबर आहे.

तर रोशा कुठलं कापायचं. तू तेव्हा मोळी वाहायचीस, विळा माझ्या हातात असायचा, म्हणून तुला आठवत नाही. गवत आता फुलावर आलं आहे, तुरे लाल दिसतात. ओढ्याकाठचं कापा. रस्त्याला लागूनच आहे, टेंपो तिथपर्यंत येतो. वर माळावर चढायची गरज नाही.

एवढं पुरे. औषध सगळं फोडून सांगितलं की त्याचा गुण जातो, ही आपल्यातली रीत तुला माहीत आहे. माझ्या सासूनं मला सांगितलं ते मरायच्या आदल्या आठवड्यात, आणि मी अजून बरी आहे.

खाली अंगठा माझाच आहे. शाई कोपरापर्यंत लागली.

तुझी आजी
जिवली


डोंगरपाडा
ता. १९ ऑक्टोबर

भाग्ये,

बुधवारी तुमच्याकडच्या जितेशचा टेंपो आला. दोन बायका उतरल्या, एक माणूस उतरला. मी वरून, मोहाच्या झाडाखालून पाहत होते. वाटलं, पुढे ड्रायव्हरशेजारी बसली असशील, साडी सावरून मग उतरशील. मग टेंपोचं दार लागलं.

त्या दिवशी सकाळी मी डोकं धुतलं होतं ते केस खाजत होते म्हणून. भात दोघींचा पडला तो हाताला अंदाज राहिला नाही म्हणून. उरलेला कोंबड्यांनी खाल्ला, त्या तुझ्यापेक्षा बऱ्या, हाक मारली की येतात.

त्यांनी ओढ्याकाठचं गवत कापलं, मोळ्या बांधल्या, टेंपो भरला. मला विचारायला कोणी वर आलं नाही. मी खाली गेले नाही. तू आली असतीस तर गोष्ट वेगळी होती.

रजा मिळाली नाही, असं लिहिलंस. असेल. पण त्याच पत्रात खाली लिहिलंस की सोजराबाईंना डोळे तपासायला पालघरला नेलं, अर्धा दिवस गेला. बाई ते वाचताना जरा अडखळल्या. मी म्हटलं, वाचा वाचा, डोळे महत्त्वाचे. माझे डोळे चांगले आहेत ना, म्हणून मला कोणी कुठे नेत नाही. आता एखादा अवयव बिघडवून बघते.

तिनं टेंपोतून शेंगदाण्याची चटणी धाडली होती, बरणी भरून. वर निरोप, 'विहीणबाईंना सोजराचा नमस्कार सांगा.' चटणी चांगली नव्हती. लसूण फार. संपली.

पेपरवाल्यानं माझं नाव गाळलं, तू दोघींची नावं सांगितली होतीस, असंही लिहिलंस. मान्य. शंभर गोष्टी सांगितल्या असशील, त्यातलं गाळायला त्याला माझंच नाव बरं सापडलं.

तुमचा तो व्हिडिओ बाईंनी मला दाखवला. पालघरहून येताना त्यांनी तो फोनात भरून आणला होता. ती बाई भट्टीखाली लाकडं सारते आहे आणि बोलते आहे, "ही समदी माझ्या भागूची करामत हाय, मी निस्ता जाळ घालती." भागू. लग्नाला दीड वर्ष नाही झालं आणि नाव पण छाटून टाकलं. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

पण मी तिच्याकडे पाहत नव्हते. तू मागे उभी होतीस आणि हसत होतीस. पुढच्या दातांतली फट दिसू नये म्हणून तू लहानपणापासून तोंडावर हात धरून हसतेस. मी किती समजावलं, मारलंसुद्धा एकदा. हात गेला नाही. तिथे त्या बाईशेजारी तू हात खाली ठेवून हसलीस, फट दिसली, आणि तुला त्याचं काहीच नव्हतं. बाईंना म्हटलं, पुन्हा लावा. चार वेळा पाहिलं. चौथ्या वेळी बाई म्हणाल्या, "आजी, छान दिसतेय ना?" मी म्हटलं, "बॅटरी संपल तुमची."

तिला मुलगी नाही, नात नाही, तीन पिढ्या नुसते मुलगे, हे सुजित जावयानं मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. वाईट वाटलं होतं मला. पण म्हणून माझी घ्यायची का?

लग्नाला मी आले नाही, ते तू धरून बसली आहेस. धर. आपल्यात लग्न धवलेरी लावते, गाणी म्हणत, माझ्या अंगणात. तुझं लग्न बोईसरच्या हॉलात, भटजी माइकमधून. मी म्हटलं होतं, अंगणात होईल तर मी आहे, हॉलात होईल तर नाही. मला वाटलं होतं तू अंगण म्हणशील. तू एक दिवस विचार करून हॉल म्हणालीस. त्या एका दिवसात तिनं तुझ्या कानात काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.

तेल निघालं का? किती निघालं? त्याचा वास कसा येतो ते मात्र नीट लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, वास कसा आहे ते लिही.

तुझी आजी
जिवली


डोंगरपाडा
ता. १६ नोव्हेंबर

भाग्ये,

पत्र काल आलं. बाईंनी वाचलं. आज बोलते आहे, काल बोलवलं नाही.

म्हणजे दिवाळीच्या आधी तेल निघालं, दहा लिटरच्या पंपात चमचाभर तेल आणि रिठ्याचं पाणी घालून नऊही वाड्यांत मारलं, आठ दिवसांनी पुन्हा मारलं, आणि भुरी गेली नाही. उलट पानंच्या पानं पांढरी झाली, जशी कोणी राखेनं सारवली. चौघींनी गंधकाची पावडर आणून टाकली. पाच जणी अजून थांबल्या आहेत, पण तुझ्याशी बोलत नाहीत. तेलाला वास सुंठीसारखा येत होता, असं लिहिलंस. मी विचारलं होतं म्हणून लिहिलंस. बरं केलंस.

गटाच्या बैठकीत एकजण तोंडावर म्हणाली, "वासाचं पाणी मारून कुठं रोग जातो का? आमची काकडी म्हणजे हिचा अभ्यास." तू खाली मान घालून बसलीस. आणि मग सोजराबाई उठली. तू तिचे शब्द जसेच्या तसे लिहिलेस म्हणून मीही लिहायला सांगते: "पोरीला बोलायचं न्हाई. जाळ माझ्याकडं हुता. माझ्याच हातनं तेल करपलं. काय बोलायचं ते मला बोला." मग बायका तिला बोलल्या. त्या दिवसापासून ती भट्टीजवळ फिरकत नाही. मागच्या दारात पाठ करून बसते. सुजितनं विचारलं तर म्हणते, "माझ्या हाताला आता चव न्हाई."

आणि तू तीस तारखेला भट्टी परत देणार. सरांना तसं कळवलंस.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून झालं तेव्हा मला आधी हसू आलं. पारधिणीच्या हातातून ससा सुटला म्हणून. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली. मग मी चूल पेटवली, भाकरी थापली, ती तव्यावर काळी होईपर्यंत बसून राहिले.

ती खोटं का बोलली, हे मला समजत नाही. साठ वर्षं चूल फुंकलेली बाई, जाळ बिघडला नव्हता हे तिला कळणारच. वाफेवरचं तेल करपत नाही, पिंप कोरडं पडलं तरच करपतं, आणि तू लिहिलंस पाणी भरपूर होतं. म्हणजे तिनं जाणून-बुजून दोष घेतला. तुझ्यासाठी. मी असते तर उठले असते का? उठले असते. पण मी तिथे नव्हते. ती होती. ती नेहमी तिथेच असते.

तू लिहिलंस, तिला वाचता येत नाही म्हणून माझी पत्रं तू तिला वाचून दाखवायचा विचार करत होतीस, पण धीर झाला नाही. नाही झाला ते बरं. म्हणजे तिलाही अक्षर येत नाही. हे तू मला आधी का नाही सांगितलंस? दीड महिना मी पत्रं कंपनीत धाडते आहे आणि तुझा वॉचमन माझा अंगठा बघतो आहे.

भाग्ये, ते ओढ्याकाठचं गवत आहे ना, ते मी

(इथे आजी थांबल्या आणि 'एवढं खोडा' म्हणाल्या. मी खोडले आहे, पण वाचता येईल इतपतच. — वर्षाराणी)

कोंबडीनं अकरा पिल्लं काढली. एक मुंगसानं नेलं. वाल चांगला आला आहे. बाई मघाशी विचारत होत्या, "आजी, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "तुमाला लिवायला बसवलाय, विचारायला नाय." त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. शहाणी आहे मुलगी, नवऱ्याला जड जाईल.

भट्टी लगेच देऊ नकोस. तीस तारीख म्हटलीस ना, मग तीसपर्यंत ठेव. का, ते विचारू नकोस.

आजी


डोंगरपाडा
ता. २१ नोव्हेंबर

सोजराबाईंना जिवलीचा रामराम.

हे पत्र तुमच्यासाठी आहे, विहीणबाई. तुम्हाला वाचता येत नाही, मला लिहिता येत नाही, म्हणजे आपली दोघींची बोलणी दोन पोरींच्या हातात आहेत. माझी इकडे लिहिते, तुमची तिकडे वाचेल. भाग्ये, मोठ्यानं वाच. गाळू नकोस. जिथे तुला लाज वाटेल तिथे आवाज खाली आणू नकोस. पोस्टानं उशीर होईल म्हणून जितेशच्या हाती देते आहे.

सोजराबाई, तुमचा जाळ बिघडला नव्हता. तेल तुमच्या हातून करपलं नाही. गवत चुकीचं होतं, आणि ते चुकीचं गवत मी सांगितलं होतं. समजून उमजून.

आता नीट ऐका. रोशा दोन तऱ्हेचं असतं. दोन्हीला पातं सारखं, तुरा सारखा, फुलल्यावर रंगही सारखाच लाल. कागदावर किंवा फोटोत बघून कोणाला ओळखता येणार नाही, तुमच्या सरांनाही नाही. एक येतं वर माळावर, दगडात, जिथे पाणी थांबत नाही. ते चुरगळलं तर गुलाबासारखा वास येतो. दुसरं येतं ओलीला, ओढ्याकाठी, सावलीत. त्याचा वास सुंठीसारखा. तेल दोन्हीचं निघतं. पण मी पानांवरच्या रोगाला लावायचे ते माळावरचं. ओढ्याकाठचं कधीच नाही.

हे मला कसं माहीत ते सांगते. मी तेरा-चौदा वर्षांची असताना नदीकाठी एका शेठची भट्टी लागायची, तुमच्या पिंपासारखी, पण खोलीएवढी. आम्ही पोरी गवत कापून द्यायचो. माळावर चढायचा कंटाळा म्हणून ओढ्याकाठचं कापायचो आणि मोळीच्या पोटात लपवायचो, बाहेरून चार मुठी माळावरचं. शेठ मोळीत हात घालायचा, मधली काडी ओढून नाकाला लावायचा, आणि मोळी लाथेनं खाली. म्हणायचा, "ये झूठा है." दोन वर्षांत माझं नाक त्याच्यापेक्षा तिखट झालं. मग तो मलाच बसवायचा, बाकीच्या पोरींच्या मोळ्या हुंगायला. म्हणून यंदा मी काय केलं हे मला पुरतं कळत होतं, सोजराबाई. मी भाग्यश्रीच्या मोळीत सगळं झूठ भरलं, आणि वरून चार मुठी खरं पण नाही.

तिला मी लिहिलं होतं की सगळं फोडून सांगितलं की औषधाचा गुण जातो. आमच्यात ती रीत आहे, ती मी बनवलेली नाही. पण रीत एवढीच आहे की सांगायचं नसेल तर गप्प बसावं. उलटं सांगावं असं कुठल्या रीतीत नाही. तेवढं माझ्या पदरचं.

पोटात दुखत होतं. तुमचं कुंकू दुखत होतं, तुमचे दात दुखत होते, 'भागू' दुखत होतं. मला वाटलं, तेल बिघडेल, मग तिला आठवेल की हे खरं कोणाला विचारायचं ते. बोईसरहून एसटी धरेल, चढ चढून येईल, म्हणेल, "आजी, काय चुकलं?" मी आधी थोडा भाव खाईन आणि मग तिला माळावर नेईन. दोष कोणाला लागला तर गवताला लागेल, नाही तर तुम्हाला. तुम्हाला लागावा असं वाटत होतं, तेही सांगते. पण तुम्ही स्वतःहून उठून तो घ्याल हे मी धरलं नव्हतं. माझा सगळा डाव तुम्ही बिघडवलात. आणि ती आली नाहीच. तिथेच बसून राहिली, तुमच्या पाठीमागे, मागच्या दारात. हे तिनंच लिहिलं आहे.

मागच्या पत्रात मी हे सांगायला गेले आणि माघार घेतली. मग सोमवारी विळा घेतला आणि माळावर गेले. चार वर्षांत गेले नव्हते. शेजारच्या दोघी बरोबर आल्या. एकजण सारखी म्हणत होती, "जिवले, खाली पडशील, आमी काय सांगू तुझ्या नातीला?" मी म्हटलं, "सांगा, काकडीपायी गेली." वर पोचले. बसले, आणि बसल्या जागी हाताला आलं ते पातं चुरगळलं. तोच वास. मला वाटलं होतं नाक म्हातारं झालं असेल. नाही झालं.

गवत आता उतरणीला लागलं आहे. बरेच तुरे झडले. आणखी आठ दिवस गेले असते तर नुसत्या काड्या उरल्या असत्या. आम्ही तीन दिवस निवडून निवडून कापलं. एकेक मूठ मी हुंगली, मगच मोळीत जाऊ दिली. चौदा मोळ्या झाल्या आहेत. सावलीत पसरल्या आहेत, अंगचं पाणी सुकलं की तेल बरं निघतं. रविवारी जितेशच्या टेंपोत घालते.

मोळ्यांबरोबर मीही येते. वास काही कागदातून धाडता येत नाही, आणि भाग्यश्रीचं नाक एकदा तयार झालं की मला पुढच्या वर्षी माळावर चढायला नको. तुमचंही करून देईन, तुम्हाला हवं असेल तर. सगळं फोडून सांगेन. गुण जायचा तर जाऊ दे.

त्या नऊ बायकांना सोमवारी अंगणात बोलवा. ज्या बोलत नाहीत त्यांना आधी बोलवा. त्या दिवशी तुम्ही उभ्या राहून खोटं बोललात, मी बसून खरं बोलेन, मला फार वेळ उभं राहवत नाही. मग त्यांनी मला काय बोलायचं ते बोलावं. ते तुम्ही अडवायचं नाही. एकदा अडवलंत, त्याचे उपकार अजून फेडायचे आहेत, आणखी चढवू नका.

जाळ तुम्हीच घालायचा. मला भट्टी सोसत नाही, धूर डोळ्यात जातो. तेल निघालं की आधी एकाच वेलाच्या दोन पानांवर मारून बघू, कडक पडलं तर पान जळतं. उरलेल्या पाच वाड्या त्यानं वाचतीलच असं मी म्हणत नाही, उशीर झाला आहे, आणि तो उशीर माझा आहे. नाही वाचल्या तर भट्टी न्यायला येणाऱ्या माणसांनाही मीच सांगेन की चूक पोरीची नव्हती. ऐकतील, न ऐकतील. म्हाताऱ्या बाईला हाकलून तर देणार नाहीत.

मी तुमच्यावर जळते ते एवढ्यानं थांबेल असं समजू नका. ते काही भुरीसारखं नाही, की औषध मारलं आणि गेलं. ती तुमच्या घरात राहते, तुमच्या ताटाशेजारी जेवते, तुमच्यासमोर तोंड उघडून हसते. मला ते टेंपोत बसून बघायला यावं लागतं. तेवढं जळणं मला ठेवू द्या.

फक्त एक मागते. मी अंगणात उतरेन तेव्हा आपण दोघीही तिथे असू. ती 'आजी' म्हणून हाक मारील. तुम्हाला आता त्या हाकेची सवय झाली आहे, तुम्ही लगेच ओ द्याल. त्या दिवशी देऊ नका. माझा डावा कान गेला आहे, मान वळवायलाही वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प राहा.

जिवली